उतारा थोरल्या आज्ज्याच्या एकट्याच्या नावावर, शेत तिघा भावांचं. वंशावळ आणि कागद कुठून जुळवायचे?

शिवारकर

नमस्कार मंडळी. विषय आमच्या घरचा आहे, पण बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या कितीतरी घरांत असाच गुंता असणार, म्हणून सविस्तर लिहितो. नावं आणि सर्व्हे नंबर मुद्दाम देत नाही.

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, उचगावच्या पलीकडं, चंदगडच्या हद्दीला लागून. पणजोबा १९३८ साली वारले. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरला आज्जा, मधला म्हणजे माझा सख्खा आज्जा, आणि धाकटा. ओढ्याकाठचं भाताचं शेत आणि वरचं माळ मिळून ५ एकर १४ गुंठे. पणजोबांच्या मागं उताऱ्यावर थोरल्या आज्ज्याचं नाव लागलं, आणि तो १९९१ ला वारला तरी आजही तेच एक नाव आहे.

कसणूक मात्र कायम तिघांची. १९६८ च्या सुगीनंतर गावच्या पंचांसमोर तोंडी वाटणी झाली, ओढ्याकाठच्या खाचरांत बांध पडले. मधल्या बांधापासून चिंचेपर्यंतचं आम्ही करतो. पावसाळ्यात भात, भात निघालं की ओलीवर मसूर. माळाला बटाटा आणि रताळी. थोरल्या घरानं शेतसारा भरायचा आणि आम्ही आमचा तिसरा हिस्सा त्यांच्याकडं द्यायचा, अशी रीत होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातल्या काही पावत्यांवर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, कुणी किती दिले ते. उतारा नाही म्हणून सोसायटीचं पीककर्ज आम्हाला कधी मिळालं नाही. २०१९ च्या पुरात ओढ्याकाठचं भात सगळं कुजलं, भरपाई थोरल्या घरच्या खात्यावर आली. तिथले आमचे चुलते न मागता आमचा वाटा घेऊन घरी आले. हे मुद्दाम सांगतो, कारण भांडण आहे म्हणून मी इथं आलेलो नाही.

आता उताऱ्याला आधार जोडायचं चालू झाल्यावर तलाठ्यांनी चुलत्यांना सांगितलं, की खातेदार मयत आहे, वारसा वर्दी, म्हणजे वारसांची नावं लावायचा अर्ज, द्या. चुलते लगेच आमच्याकडं आले, "कसं करूया?" म्हणून. पण त्यांचे दोन्ही मुलगे नोकरीनिमित्त बाहेर आहेत, त्यांना १९६८ माहीत नाही. ते म्हणतात, उतारा बोलतो ते खरं. चुलत्यांचं वय ८१. ते आहेत तोवर सगळं कागदावर यावं, एवढीच माझी तळमळ आहे.

यात आणखी तीन गाठी आहेत.

एक, शहापूरच्या एका सावकाराचं पावणेदोन एकर आम्ही कुळानं करत होतो. तिघं भाऊ मिळून. १९७४ नंतर कुळानं जमीन मागायचा फॉर्म नंबर ७ थोरल्या आज्ज्यानं भरला आणि १९८१ ला जमिनीच्या ट्रिब्युनलचा हुकूम त्याच्याच नावे झाला.

दोन, धाकटा आज्जा तरुणपणीच चंदगडकडच्या एका गावात बायकोच्या माहेरी राहायला गेला. त्याची माणसं म्हणतात तो घरजावई होता. थोरल्या घरची मुलं म्हणतात दत्तक गेला होता, म्हणून इकडं हक्क नाही. तिकडं त्याच्या नावावर सातबारा आहे, हेच त्यांचं कारण.

तीन, माझ्या दोन आत्या. मोठी १९९८ ला गेली, तिला मुलं आहेत. धाकटी विधवा, माहेरीच आमच्यात राहते. या शेतात तिनं जितकी वर्षं लावण केली तितकी आमच्यापैकी कुणी केलेली नाही. तिचं नाव लागलंच पाहिजे असं माझं मत आहे. घरात काहीजण "तिनं कधी मागितलंय का?" म्हणतात.

तर तिघं भाऊ एका बापाचे, आणि जमीन एकत्र कुटुंबाची, हे सांगणारा कागद कुठं मिळेल? वंशावळ कोण देतं? मला कन्नड अडखळत वाचता येतं, मोडी अजिबात नाही.

---

जुना दप्तरी

शिवारकर, माझी नोकरी महसूल दप्तरात गेली, त्यामुळं थोडं लांबण लावतो.

पहिल्यांदा आजचा उतारा हातात घ्या. नवव्या रकान्यात नाव आहे, दहाव्यात ते नाव कशानं आलं त्याचा एम.ई. (म्युटेशन एंट्री, म्हणजे फेरफार) नंबर आहे. बहुतेक लोक नाव बघतात आणि उतारा घडी घालून ठेवतात. तुमचं सगळं काम त्या दहाव्या रकान्यापासून सुरू होतं. त्या एम.ई.ची नक्कल काढा. तिच्यात मागच्या एम.ई.चा नंबर सापडेल. तिची नक्कल काढा. असं मागं मागं जात १९३८-३९ पर्यंत पोचायचं. भूमीत, म्हणजे सरकारच्या उताऱ्यांच्या संगणक यंत्रणेत, आहे ते अलीकडचं. जुनं तहसीलदार कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं. ते स्कॅन करायचं काम राज्यभर चालू आहे, त्यामुळं आधी तिथं विचारा, तुमच्या गावाच्या वह्या झाल्या असतील तर नक्कल लवकर मिळेल.

हे लक्षात ठेवा, की १ एप्रिल १९६४ पासून म्हैसूरचा, म्हणजे आताचा कर्नाटक जमीन महसूल कायदा लागू झाला. त्याआधी आपल्याकडं मुंबईचा १८७९ चा कायदा होता, आणि हक्कनोंदीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानं आली. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तरी वह्या त्याच राहिल्या. तेव्हा अर्ज करताना नुसता "पहाणी" (म्हणजे उतारा) मागू नका. "हक्कपत्रक, जुन्या एम.ई.सह" असं लिहा. वर्ष लिहा, सर्व्हे नंबर जुना आणि नवा दोन्ही लिहा. मधे हिस्से पडले असतील तर कमीजास्त पत्रक (हिस्से पडताना क्षेत्र कसं बदललं त्याचा कागद) आणि आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंदवही) मोजणी खात्याकडून घ्या. नाहीतर १९३९ चा नंबर आणि आजचा नंबर एकाच शेताचा आहे हे दाखवताना अडचण होते.

आता मुख्य गोष्ट. १९३९ च्या नोंदीत थोरल्या आज्ज्याच्या नावापुढं "ए.कु.मॅ." अशी अक्षरं आहेत का ते बघा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या काळी बाप गेला की थोरल्या मुलाचं नाव लावायचं आणि पुढं ही अक्षरं घालायची, असा सर्रास प्रघात होता. पुढं वही जीर्ण झाली, नव्या नमुन्यावर नावं उतरवली, की ही तीन अक्षरं गळतात. नाव राहतं. दोन पिढ्यांनी त्या नावाचा माणूस एकटा मालक दिसू लागतो. अशी प्रकरणं मी मोजू शकणार नाही इतकी बघितली. अक्षरं नसली तरी वारसाच्या एम.ई.त वर्दी देणाऱ्याचा जबाब असतो. त्यात मयताला वारस कोण कोण, त्यांची वयं काय, हे बऱ्याचदा लिहिलेलं सापडतं. तो जबाब म्हणजेच तुमची खरी वंशावळ, कारण त्या वेळी कुणालाच खोटं सांगायचं कारण नव्हतं.

शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं, म्हणून लोक कुळाच्या जमिनीचे कागद शोधायला सांगलीला जातात. तसं करू नका. सावकार कुठला हे बघायचं नसतं, जमीन कुठल्या गावची ते बघायचं. तुमचं गाव खालसात, म्हणजे संस्थानाऐवजी थेट इंग्रज सरकारकडं, असेल तर कागद बेळगावातच आहेत. जुन्या उताऱ्यावर इनाम किंवा वतनाचा शेरा मात्र नीट तपासा. गावकामगारी वतनं १ फेब्रुवारी १९६३ पासून रद्द झाली आणि जमिनी फेरबहाल झाल्या. तसं असेल तर त्या हुकमाची वेगळी नक्कल लागते.

वंशावळीचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे तालुक्याखालच्या महसूल कचेरीतून, मिळतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, मयतांचे मृत्यूदाखले, तलाठ्यांची स्थानिक चौकशी, गावच्या जाणत्यांचे जबाब. पणजोबांपासून खाली सगळ्या शाखा घाला. पण दाखला हाती आला म्हणून जमीन नावावर होत नाही. दाखला नातं सांगतो, हक्क सांगत नाही.

चुलते वर्दी देतील तेव्हा फक्त त्यांच्या वडिलांचे वारस लागतील, तुमची शाखा त्यातून येणार नाही. वर्दीची नोटीस लागली की हरकतीला ठरावीक मुदत असते. भांडण नसल्यामुळं हरकतीऐवजी चुलत्यांकडून वर्दीबरोबरच लेखी जबाब द्यायला लावा, की मयत हे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून नोंदले होते आणि जमीन तिन्ही शाखांची आहे. नंतर तिन्ही शाखांचे सगळे वारस मिळून नोंदणीकृत वाटणीपत्र करा. त्याआधी मोजणी खात्याकडून ११-ई नकाशा, म्हणजे हिस्से मोजून काढलेला नकाशा, काढावा लागतो, म्हणजे तुमचे १९६८ चे बांध कागदावर येतील. कुणी अडवलंच, तर नोंदीविरुद्ध प्रांतांकडं अपील आहे, कलम १३६ पोटकलम २. मात्र मालकीचा निकाल महसूल खातं देत नाही, तो दिवाणी कोर्टाचा.

पेन्सिलीच्या त्या पावत्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवू नका, शाई आणि शिसं त्याला चिकटतं. साध्या कागदात गुंडाळा.

---

मलप्रभाकाठ

शिवारकर दादा, मी खानापूरची. वकिली करते आणि माझ्या कामातला मोठा भाग लेकीबाळींच्या वाटणीचाच असतो. आत्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्याचं फार बरं वाटलं.

"तिनं मागितलंय का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. वारसा मागून मिळत नसतो. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. कर्नाटकानं ३० जुलै १९९४ पासून स्वतःची दुरुस्ती आणून लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. म्हणून आपल्याकडं अजून गावोगाव ऐकू येतं की "लग्न चौऱ्याण्णवच्या आधीचं, हिला नाही." ते आता खरं नाही. ९ सप्टेंबर २००५ ची केंद्राची दुरुस्ती लग्नाची अट ठेवत नाही, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं, की २००५ ला वडील हयात असायलाच हवेत असंही नाही. हक्क जन्मानं येतो. तुमची धाकटी आत्या आज हयात आहे, तिचं लग्न कधी झालं हे विचारायचंच कारण नाही.

मोठी आत्या १९९८ ला गेली, म्हणजे २००५ च्या आधी. तिचं तसं नाही. पण तुमचे आज्जा १९५६ नंतर वारले असतील तर त्यांच्या स्वतःच्या वाट्यात ती वारस होतीच, आणि तो तिचा भाग तिच्या मुलांकडं येतो. कुणाचा वाटा किती, हे आज्जा कधी गेले आणि आज्जी कधी गेल्या यावर बदलतं. ते इथं मांडत बसत नाही, तारखा घेऊन कुणाही जाणत्या वकिलाकडं बसा.

आता १९६८ ची तोंडी वाटणी. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाच्या हुकुमानं वाटणी झाली असेल तर ती उघडता येत नाही. नुसत्या तोंडी वाटणीला ते संरक्षण नाही. लेकींना बाहेर ठेवण्यासाठी "तोंडी वाटणी झाली होती" म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयानं दार जवळजवळ बंद केलंय, सरकारी कागदांचा भक्कम आधार असला तरच ऐकतात. तुम्हाला ती वाटणी बांध दाखवायला उपयोगी पडेल, आत्यांना वगळायला नाही. आणि थोरल्या घरातही लेकी असतील. त्यांची नावं वर्दीत आली पाहिजेत. नाहीतर आज गोडीत केलेलं वाटणीपत्र दहा वर्षांनी त्यांची मुलं कोर्टात नेतील आणि ती चूक नसेल.

एक कळकळीची विनंती. नोटरीच्या बाँडवर आत्यांच्या "हक्कसोड" सह्या घेऊ नका, कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. हक्कसोड नोंदणीकृतच लागते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कशावर सही करतो हे त्या बाईला तिच्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे. आपल्याकडचा दस्त कन्नडमध्ये, बाई मराठी बोलणारी, अंगठा घेणारा घाईत. खानापूर तालुक्यातल्या जंगलकाठच्या गावांत असे कागद मी पाहिलेत, ज्यात बाईला शेवटपर्यंत वाटत होतं की ती रेशनकार्डासाठी अंगठा देते आहे.

कुळाच्या जमिनीचं: १ मार्च १९७४ ला कुळाची जमीन सरकारकडं गेली आणि कसणाऱ्यानं फॉर्म ७ भरून ती मागायची होती. फॉर्म एकानंच भरला म्हणून ती त्या एकाचीच होते असं नाही. कूळ एकत्र कुटुंब होतं हे दाखवता आलं तर तो हुकूम सगळ्या कुटुंबाच्या लाभाचा धरला जातो. त्यासाठी ट्रिब्युनलची पूर्ण फाईल काढा, नुसता हुकूम नको. थोरल्या आज्ज्यांनी जबाबात "आम्ही भाऊभाऊ मिळून करतो" असं एक वाक्य जरी म्हटलेलं असलं तरी बाजू पालटते. १९७४ च्या आधीच्या उताऱ्यांवर कसणाऱ्याच्या रकान्यात कुणाची नावं आहेत तेही बघा.

---

कोवाडचा पाहुणा

धाकट्या आज्ज्यांबद्दल. मी चंदगडकडचा, आमची निम्मी सोयरीक तुमच्या बाजूला आहे.

चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूरकडं गेला आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला. म्हणजे तुमचे धाकटे आज्जे इकडं आले तेव्हा ते दुसऱ्या राज्यात आले नव्हते. शेजारच्या तालुक्यात आले होते. त्यांच्या इकडच्या सातबाऱ्यावरचा जुना फेरफार काढा. त्यात जमीन कशी मिळाली ते लिहिलेलं असणार. खरेदी असेल तर दत्तकाचा प्रश्नच मिटला. सासऱ्याकडून बक्षीस किंवा बायकोला वारसानं असेल तर घरजावईच. दत्तक असेल तर फेरफारात "दत्तक मुलगा" असा शब्द असतो आणि बापाचं नाव बदललेलं असतं. बापाचं नाव बघा, तेच खरं सांगेल. तुमच्या पणजोबांचंच नाव लावत असतील तर दत्तक कसले?

घरजावई गेल्यानं बापाच्या मिळकतीतला वाटा जात नाही. दत्तक गेला तर जन्मघरच्या एकत्र मिळकतीतला हक्क सुटतो, ही जुनी रीत आणि कायदाही तोच.

एक अडचण येईल. इकडचा तलाठी तुमच्या नाडकचेरीची वंशावळ बघून मान हलवेल, तुमचा तलाठी इकडचा वारस दाखला बघून तसंच. दोन्हीकडं स्वतंत्र कागद करा, पण नावांची लेखनं अगदी सारखी ठेवा. कन्नडमधून परत मराठीत येताना आमच्या एका पाहुण्यांच्या बापाचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हेनं आलं, आणि मग एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र करत बसावं लागलं. कोर्टात जायची वेळ आली तर दोन्हीकडच्या जमिनीसाठी एकाच ठिकाणी दावा लावता येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७. पण तशी वेळ येऊ नये.

---

घटप्रभाखोरे

सगळ्यांनी सरकारी कागद सांगितले. हेळव्याला कुणी विचारलं का?

आमच्या हुक्केरी-गोकाक बाजूला आणि कोल्हापूर, सांगलीपर्यंत हेळवी फिरतात. पूर्वी नंदीवर बसून यायचे, आता मोटारसायकलवर. सुगी झाली की येतात, दारात बसून त्या घराचं कूळ वाचतात. मूळ गाव कुठलं, तिथून का उठून आले, कुलदैवत कुठलं, कोणाला किती मुलं, कोण कुठं गेलं. वाचून झालं की नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घेतात आणि जोंधळे, भात, पैसे जे असेल ते घेऊन पुढं जातात. प्रत्येक हेळव्याची घरं ठरलेली असतात. तुमच्या घराचा हेळवी कोण, हे तुमच्या भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. बेळगाव तालुक्यातल्या मराठी घरांकडंही ते येतात, कन्नडमध्ये लिहितात आणि मराठीत वाचून दाखवतात.

तुमच्या धाकट्या आज्ज्याच्या बाबतीत याचा थेट उपयोग आहे. दत्तक गेलेला मुलगा हेळवी दत्तक घराच्या कुळात लिहितो. घरजावई असेल तर त्याला आणि त्याच्या मुलांना बापाच्या कुळातच वाढवत नेतो, फक्त गाव बदलतो. तो कुठल्या पानावर आहे ते बघा. आमच्या घरात मूळ गावाबद्दल चार चुलत्यांची चार मतं होती, हेळव्यानं वाचल्यावर सगळे गप्प झाले.

वही सरकारी नाही, तिच्यावर उतारा बदलत नाही. पण वाद सुरू व्हायच्या आधी, वादाशी संबंध नसलेल्या माणसानं लिहून ठेवलेलं नातं म्हणून कोर्टासमोर ठेवता येतं, आणि हेळवी स्वतः साक्ष देऊ शकतो. त्याला मानानं बोलवा, अर्धवट वाचायला लावू नका, मोबाईलनं पानांचे फोटो काढायचे तर आधी विचारा. ती वही त्याचं पोट आहे.

तसंच घरातलं कुणी पूर्वी त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकला क्रियाकर्माला गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांच्या वहीतही नावं असतात, गेलेल्याच्या हस्ताक्षरात.

---

शिवारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. दप्तरी काकांनी सांगितलं तसं दहाव्या रकान्यापासून मागं गेलो. १९३९ च्या एम.ई.ची नक्कल मिळाली. अर्धी मोडीत आहे. शहापुरातल्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिली.

थोरल्या आज्ज्याच्या नावापुढं ए.कु.मॅ. आहे. जबाबात तिन्ही मुलांची नावं आहेत, वयं २४, १९ आणि ११, आणि पुढं "तिघे एकत्र राहतात, जमीन एकत्र कसतात" असं वाक्य आहे. वर्दी देणारा थोरला आज्जाच. खाली त्याचा डाव्या अंगठ्याचा ठसा. १९५८ च्या उताऱ्यावरही ती अक्षरं आहेत, १९६६ च्या उताऱ्यावर नाहीत.

चुलत्यांना नक्कल दिली. त्यांनी रविवारी दोन्ही मुलांना बोलवून घेतलं आणि आमच्या सगळ्यांसमोर गुरुजींचं वाचन मोठ्यानं वाचायला लावलं, धाकट्या मुलाला. त्यानं वाचलं. नंतर त्यानं एकच विचारलं, की मग आज्ज्यानं फॉर्म ७ एकट्याच्या नावे का भरला? चुलते म्हणाले, कचेरीत जाऊन उभं राहायला घरात दुसरं कोण होतं, तुझ्या मधल्या आज्ज्याला दम लागायचा आणि धाकटा लांब होता. ट्रिब्युनलच्या फाईलसाठी अर्ज आता चुलत्यांनीच त्यांच्या सहीनं केलाय.

धाकट्या आज्ज्याचा तिकडचा फेरफारही आला. जमीन त्याच्या बायकोला बापाकडून वारसानं, आणि ती गेल्यावर ह्याला आणि मुलांना. बापाचं नाव आमच्या पणजोबांचंच. १९३९ ला अकरा वर्षांचा असताना वारस म्हणून नोंद, आणि तिकडंही तेच नाव. दत्तकाचा विषय थोरल्या घरानं सोडला. हेळव्याचा पत्ता लागलाय, सुगीनंतर येतो म्हणालाय. त्याला मी कागदासाठी बोलावलेलं नाही आता. आमची मुलं एकदा ऐकू देत.

वर्दीत थोरल्या घरच्या तिन्ही लेकी घातल्या आहेत. माझी धाकटी आत्या नाडकचेरीत स्वतः आली. तिचं नाव वंशावळीत कुठं आहे ते तिनं बोट ठेवून दाखवायला लावलं.

एक राहिलं, मलप्रभाताई. १९३९ च्या जबाबात पणजोबांच्या मुलीचं नाव नाही. ही आमच्या अप्पांची आत्या, १९८० ला वारली, तिची नातवंडं सांबऱ्याकडं असतात. तिला वंशावळीत घालायचं का? आणि वाटणीपत्रात त्यांच्या सह्या लागतील का?

---

मलप्रभाकाठ

दादा, पणजोबा १९३८ ला गेले. त्या वेळच्या कायद्यात मुलगे असताना एकत्र मिळकतीत मुलीला वाटा नव्हता, आणि ती स्वतः १९८० ला गेली, म्हणजे २००५ ची दुरुस्तीही तिच्यापर्यंत पोचत नाही. वाटणीपत्रावर तिच्या नातवंडांच्या सह्या लागणार नाहीत.

वंशावळीत मात्र तिचं नाव, मृत्यूचं वर्ष आणि तिच्या वारसांची नावं सगळं घाला. वंशावळीतून एक जरी माणूस गाळलेलं दिसलं तर समोरचा वकील पहिलं बोट तिथंच ठेवतो आणि बाकीच्या खऱ्या नावांवरही शंका येते. सांबऱ्याच्या मंडळींना आधी कळवा, अर्जाची एक प्रत नेऊन द्या. चौकशीला तलाठी आले तर त्यांना ते माहीत असलेलं बरं.

आणि ११-ई च्या मोजणीला चुलत्यांना शेतात उभं करा. १९६८ चे बांध त्यांनी दाखवले की मोजणीदार तसेच काढेल. पावसाच्या आधी करून घ्या, खाचरात पाणी भरलं की साखळी चालत नाही.